वाटेंत भेटणाऱ्या जुन्या मोटारी

हिंवाळा लागला म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता अशा मोठ्या शहरांतून जुन्या मोटारींच्या मिरवणुकी निघतात. दिल्लीची मिरवणूक ‘स्टेट्समन’ पत्रानें १९६४ सालीं सुरू केली, कोलकात्याची १९६८ सालीं. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, पॅकार्ड, ब्यूइक असल्या भारदस्त गाड्या पितळ घांसून, रंग चढवून, कांचा लखलखीत करून रस्त्यावर येतात आणि त्या पाहण्यास लहानथोरांची झुंबड उडते. हौसेला मोल नाहीं, आणि हा सोहळा पाहूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. परंतु मिरवणुकींतली मोटार ही मांडवांत शालू नेसून बसलेल्या वरमाईसारखी असते. तिचा खरा स्वभाव कळावयाचा तर ती रोजच्या सकाळीं पदर खोंचून कामाला लागली असतां पाहिली पाहिजे. जी मोटार पन्नास-साठ वर्षांनंतरही मालकाला मंडईंत नेते, नातवंडांना शाळेंत सोडते, पावसांत अडते, मिस्त्रीच्या चार शिव्या खाते आणि पुन्हां चालूं लागते, तिच्याविषयीं आज दोन शब्द लिहिण्याचा आमचा मानस आहे.

अशा मोटारी थोड्या उरल्या आहेत, पण आहेत. पुष्कळांना त्या दिसत नाहींत, कारण नजर सरावलेली नसते. ज्यास पक्ष्यांची ओळख नाहीं त्यास झाडावर नुसते पक्षी दिसतात. ज्यास ओळख आहे त्यास त्याच झाडावर बुलबुल, दयाळ, तांबट आणि शिंजीर वेगवेगळे दिसूं लागतात. मोटारींचेंही असेंच आहे. आमच्या माहितींतल्या एका घरीं संध्याकाळीं फिरावयास निघालेले आजोबा आणि त्यांचा नातू यांच्यांत या ओळखीची पैजच लागत असे. आणि त्या घरच्या मंडळींचें म्हणणें असें कीं, आजोबांची दूरची नजर त्या पैजेपायींच शाबूत राहिली.

आपल्याकडे जुन्या मोटारी इतकीं वर्षें टिकल्या कशा, हें प्रथम सांगितलें पाहिजे. श्रीमंत देशांत दर दोन-चार वर्षांनीं नवा नमुना निघतो, जुन्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, आणि चांगली धडधाकट गाडी भंगारांत जाते. आपल्याकडे घडलें तें उलट. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना काढला होता. खोक्यांतून आलेले भाग जोडून तेथें शेव्हरोलेट गाड्या तयार होत. स्वातंत्र्यानंतर सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांस मोटारीचे भागही येथेंच बनवावयाचे असतील त्यांनीं राहावें; नुसती जोडणी करणाऱ्यांस वाव नाहीं. १९५४ सालीं शिवडीचा कारखाना बंद झाला आणि फोर्ड कंपनीनेंही मुंबईंतलें आपलें काम आटोपलें. मागें उरले ते मुख्यतः तीन: कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्स, मुंबईंत कुर्ल्याचा प्रीमियर आणि तेव्हांच्या मद्रासचा स्टँडर्ड. पुढचीं जवळजवळ तीस वर्षें कुटुंबवत्सल गृहस्थानें मोटार घ्यावयाची तर या तिघांपैकीं एकाकडे नांव नोंदवावें आणि वाट पाहत बसावें. थोरल्याच्या मुंजीस नोंदविलेली गाडी धाकट्याच्या मुंजीस दारांत आली, असें लोक थट्टेनें म्हणत. थट्टेंत अतिशयोक्ति फारशी नसे.

नमुने बदलत नाहींत हें तेव्हां लोकांस जाचक वाटे, आणि तें होतेंही. परंतु त्याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानींमनीं नसतां झाला. पंचवीस वर्षांच्या अंतरानें निघालेल्या दोन गाड्यांचे पुष्कळसे भाग थोड्या खटपटीनें एकमेकींस बसूं लागले, आणि नाक्यावरच्या मिस्त्रीस तीं दोन-चार यंत्रें तोंडपाठ झालीं. बापाच्या हाताखालीं मुलगा त्याच इंजिनावर शिकला. पुण्याच्या नाना पेठेंत किंवा मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारांत चिकाटीनें हिंडलें म्हणजे बहुतेक सर्व मिळे. जें मिळत नसे तें खरादवाला करून देई. टंचाईनें मोटार दुर्मिळ केली आणि टंचाईनेंच ती जगविली.

आतां ओळखीकडे वळूं. मुंबई-पुण्याच्या वाचकांनीं आरंभ फिआटपासून करावा, कारण ती आपल्याच अंगणांत वाढलेली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापन केली. जहाजें आणि विमानें यांच्या उद्योगांत त्यांनीं आधींच उडी घेतली होती; मोटार हा तिसरा डाव. कुर्ल्याच्या कारखान्यांत प्रथम डॉज, प्लिमथ, डी सोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. नंतर इटलीच्या फिआट कंपनीशीं संबंध जुळला आणि १९५४ च्या सुमारास अकराशें सी. सी. ची फिआट आली. तिचें बॉनेट फुगीर, नाक पुढें आलेलें, पाठ गोल. आपल्या लोकांनीं तिला तत्काळ ‘डुक्कर फिआट’ हें नांव दिलें. नांव असभ्य असेल, पण ज्या कोणीं तें ठेवलें त्याची नजर मोठी तीक्ष्ण असली पाहिजे. एकदां तें ऐकलें कीं गाडी ओळखावयास दुसरी खूण लागत नाहीं. तरी एक सांगून ठेवतों. तिचीं पुढचीं दारें उलटीं उघडतात. बिजागरी पुढें नसून मधल्या खांबास असते. उतरतांना हें फार सोयीचें, विशेषतः लुगडें सांवरून उतरणाऱ्या बायकांस. परंतु चालत्या गाडींत कडी सुटली तर वारा तेंच दार सपाटून उघडी, म्हणून पुढें ही पद्धत सोडून देण्यांत आली.

१९६४ पासून जी फिआट निघूं लागली तिचें अंग चौकोनी आणि मागच्या दोन्ही कडा किंचित् उचललेल्या. हाच तो देह, जो मोठा फेरफार न होतां या शतकाच्या आरंभापर्यंत कुर्ल्याहून निघत राहिला. नांवें मात्र बदललीं. आधीं ‘फिआट अकराशें डिलाइट’, पुढें ‘प्रीमियर प्रेसिडेंट’, आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. लोकांच्या तोंडीं शेवटपर्यंत फिआटच राहिली. नवशिक्यानें प्रथम डिकीवरची नांवाची पट्टी वाचावी; ती ‘फिआट’ म्हणत असेल तर गाडी पन्नाशीच्या आसपासची किंवा तिच्या पलीकडची समजावी. नंतर पुढची जाळी आणि बंपर पाहावे. पुढच्या-पुढच्या काळांत चकचकीत धातु कमी होत जातो आणि काळें प्लास्टिक वाढत जातें. पट्टी नसेल, जाळी बदललेली असेल, तर आंत डोकावून दारांचे हात आणि कांटे असलेली तबकडी बघावी. मालक बाहेरचें पुष्कळ बदलतो, आंतलें सहसा नाहीं.

या गाडीचा गिअर खालीं नसून स्टेअरिंगच्या दांड्यास असे, आणि त्यामुळें पुढची बैठक अखंड, बांकासारखी. पुढें तिघे बसत. चौथ्या मुलास मांडीवर घेत. मागें चार मोठीं माणसें आणि त्यांच्या फटींत दोन मुलें. एकत्र कुटुंबाच्या संसाराला ही रचना इतकी मानवली कीं, इटलींतल्या कारागिरांनीं ती आपल्याकडच्या लग्नसराईकरितांच आंखली होती कीं काय अशी शंका यावी. असा भार घेऊन ती बोरघाट चढे. अर्ध्या घाटांत इंजिन उकळे. मग बॉनेट उघडून, रेडिएटरच्या झांकणावर ओलें फडकें धरून, कोणीतरी जपून वाफ सोडी, आणि तोंवर बाकीची मंडळी शिंगरोबाला पैसा टाकून येत. पुण्या-मुंबईच्या ज्या घरांत ही आठवण नाहीं असें घर विरळा. नव्या द्रुतगती मार्गानें जाणाऱ्या मुलांस हें सांगितलें तर त्यांना वाटतें, आपले वडील फार हाल सोशीत होते. वडिलांस तसें वाटत नसे. गाडी थांबली म्हणजे डबा उघडावयास निमित्त मिळे.

अँबॅसेडरविषयीं सरकारी कचेऱ्यांनीं, चित्रपटांनीं आणि पुढाऱ्यांनीं इतकें करून ठेवलें आहे कीं आम्ही येथें तिचें आख्यान लावीत नाहीं. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा तो अवतार. १९५७ च्या सुमारास उत्तरपाड्यास निघूं लागला आणि मे २०१४ मध्यें कारखाना थांबेपर्यंत निघत होता. खरा शोध घ्यावयाचा तो तिच्या थोरल्या बहिणीचा. तिचें नांव लँडमास्टर. दुरून अँबॅसेडरच वाटते. पण मुखवटा निराळा, आणि मागच्या मडगार्डांच्या कडा अँबॅसेडरसारख्या उचललेल्या नसून खालीं उतरत गेलेल्या. ही ज्यास भररस्त्यांत चालतांना दिसेल त्यानें घरीं येऊन अवश्य सांगावें. तिच्याहून लहान ‘बेबी हिंदुस्थान’, म्हणजे मॉरिस मायनर. तीही क्वचित् एखाद्या जुन्या बंगल्याच्या फाटकांतून अजून बाहेर पडते.

आमचा पक्षपात मात्र तिसरीकडे आहे. मद्रासच्या कारखान्यानें १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्ड काढली. मूळ इंग्लंडची ट्रायंफ हेराल्ड, आणि तिचा आकार जोव्हानी मिकेलोती या इटालियन चित्रकारानें आंखलेला. रेषा धारदार, मागचे कोपरे टोकदार, कांचा मोठ्या. फिआट ही गृहिणी मानली आणि अँबॅसेडर ही घरची आत्याबाई मानली, तर हेराल्ड ही कॉलेजांत जाणारी पुतणी म्हणावी. तिचें वैशिष्ट्य असें कीं तिचें बॉनेट एकटें उघडत नाहीं. दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट अवघा पुढचा भाग वर उचलला जाऊन समोर कलतो, आणि इंजिन, पुढचीं चाकें, सांधे सगळें उघडें पडतें. मिस्त्री खुशाल पुढच्या टायरवर बसून काम करी. दुसरें वैशिष्ट्य तिच्या वळण्यांत. सुमारें पंचवीस फुटांच्या वर्तुळांत ती पुरती फिरते. सदाशिव पेठेंतल्या बोळांत जेथें दुसरी गाडी मागें-पुढें करीत घामाघूम होई तेथें हेराल्ड एका दमांत वळे. उणें एवढेंच कीं तिला दोनच दारें. वडील माणसांस मागें बसवावयाचें म्हणजे पुढची बैठक वांकवून त्यांस आंत शिरावयास लावणें, आणि हें आपल्या रीतीस धरून नव्हे. कारखान्यानें हें ओळखलें आणि चार दारांची हेराल्ड तयार केली. इंग्लंडांत ती कधींच झाली नाहीं. जगांत चार दारांची हेराल्ड दिसली तर ती मद्रासचीच. १९७२ पासून तिची ‘गॅझेल’ झाली, आणि नंतर कांहीं वर्षांनीं तीही बंद पडली. भाग मिळणें अवघड झाल्यामुळें हेराल्ड फिआटपेक्षां पुष्कळ लवकर रस्त्यावरून गेली. म्हणून एखादी स्वतःच्या बळावर चालणारी हेराल्ड भेटली म्हणजे तिच्या मालकाबद्दल आमच्या मनांत विशेष आदर उत्पन्न होतो. पैसा असून ही गाडी टिकत नाहीं; त्याला चिकाटीच लागते.

विक्षिप्त म्हणाव्या अशाही कांहीं आहेत. बंगळूरला निघालेली ‘बादल’ ही तीन चाकांची, आणि तिच्यामागून १९८२ च्या सुमारास आलेली ‘डॉल्फिन’ ही चार चाकांची; दोहोंचें अंग पत्र्याचें नसून फायबरग्लासचें. त्यांस गंज चढत नाहीं. धक्का लागला तर पोंचा न पडतां तडा जातो. आणि एक गाडी अशी, जी आम्हां महाराष्ट्रीयांनीं विसरूं नये. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनीं सामान्य कुटुंबास परवडेल अशी ‘मीरा’ नांवाची छोटी मोटार स्वतःच्या बुद्धीनें आणि स्वतःच्या खर्चानें घडविली. तिचे एकामागून एक नमुने झाले. कारखाना झाला नाहीं. रस्त्यावर ती भेटण्याची आशा करणें व्यर्थ आहे, तरी लहान गाडीच्या गोष्टी मारुतीपासून सुरू करणाऱ्या मुलांच्या कानांवर हें नांव घालावें.

मारुतीचा उल्लेख आला म्हणून सांगतों. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधी यांच्या हस्तें देण्यांत आली, आणि १९८६ च्या सुमारास त्या गाडीचें अंग बदललें. त्या मधल्या अडीच-तीन वर्षांतली, ठेंगणी, काटकोनी आकाराची मारुती आज हेराल्डइतकीच शोधून काढावी लागते. कालची स्वस्त आणि ढीगभर असलेली वस्तु कोणी जपत नाहीं, म्हणून तीच आधीं नाहींशी होते. आजीच्या दागिन्यांचा हिशेब घरांत असतो. तिच्या रोजच्या पाटावरवंट्याचा नसतो.

नंबरपट्टीही वाचावयास शिकावें. सध्यांची ‘एम. एच.’ आणि दोन आंकडे ही पद्धत १९८९ पासूनची. त्यापूर्वीं तीन अक्षरें आणि त्यापुढें चार आंकड्यांपर्यंतची संख्या असे. त्या तिहींतलीं पहिलीं दोन ‘बी. एम.’ असतील तर ती गाडी मुंबई राज्याच्या काळांत मुंबईस नोंदलेली. ‘एम्’ नें आरंभ असेल तर बहुधा महाराष्ट्र झाल्यानंतरची. पूर्वीं हीं अक्षरें पेंटरनें हातानें रंगविलेलीं असत आणि त्यांच्या वळणांतही गांव ओळखूं येई. आतां सर्व गाड्यांस सरकारी ठशाची एकसारखी पट्टी लावण्याचा नियम झाल्यामुळें तें वळण गेलें. जुना नंबर मात्र तोच राहतो, आणि ओळखणाऱ्यास तेवढा पुरतो.

कोठें पाहाव्या? मुंबईंत दादरच्या पारशी वसाहतींत, पांच बागांच्या आसपास, रविवारीं सकाळीं. पारशी गृहस्थाचें मोटारीवरचें प्रेम सर्वश्रुत आहे; तो तिला नोकराच्या हातीं न देतां स्वतः पुसतो. पुण्यांत डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, एरंडवणें इकडील जुन्या बंगल्यांच्या पोर्चमध्यें. समुद्राच्या खाऱ्या हवेनें मुंबईचा पत्रा लवकर सडतो. देशावरची गाडी अधिक टिकते. गोव्यांत गोष्ट आणखी निराळी. १९६१ पर्यंत तेथें पोर्तुगीजांचा अंमल असल्यामुळें आपल्याकडचे आयातीचे निर्बंध त्या मुलखास नव्हते, आणि मुंबईंत ज्या जर्मन गाड्या श्रीमंतांच्याही वांट्यास येत नसत त्या तेथें टॅक्सी म्हणून धांवत. कोल्हापुरास दसऱ्याच्या दिवशीं छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार सीमोल्लंघनास निघते. मिरवणुकींतल्या गाड्यांविषयीं आम्हीं आरंभीं जें म्हटलें तें हिला लागू नाहीं. तिला वर्षांतून एकदां कां होईना, ठरलेलें काम आहे आणि तें ती बजावते.

अशी मोटार दिसली म्हणजे मालकाशीं कसें वागावें याचेही कांहीं संकेत आहेत. जुन्या गाडीच्या धन्यास जन्मभर तीनच प्रश्न ऐकावे लागतात: “किती सालची?” “ॲव्हरेज किती देते?” आणि “विकायची आहे काय?” पहिल्याचें उत्तर तो आनंदानें देतो, दुसऱ्याचें खोटें देतो, आणि तिसऱ्यानें दुखावतो. त्याऐवजीं “कार्बोरेटर मूळचाच ठेवलाय का?” एवढें विचारून पाहावें, चहा मिळण्याचा संभव आहे. न विचारतां दार उघडूं नये, मुलांस मडगार्डवर बसवून छायाचित्र काढूं नये. आणि जुन्या फिआटला भडक रंग लावून, छप्पर कापून, रुंद चाकें चढवून फिरणारे जे हौशी तरुण आहेत त्यांच्याशीं वाद घालूं नये. आम्हांस तें आवडत नाहीं. पण भंगारापेक्षां तेंही बरें.

या सर्व प्रकरणाला एक गंभीर बाजू आहे. मुंबईच्या टॅक्सीस वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिची मुदत भरली, आणि काळ्या अंगाची, पिवळ्या छपराची ती फिआट भाड्याच्या गाड्यांतून नाहींशी झाली. दोन पिढ्या ज्या गाडीनें बाळंतिणींस इस्पितळांत नेलें आणि पाहुण्यांस स्टेशनावरून आणलें, ती एका तारखेस बंद झाली. वीस वर्षें रोज दोन पाळ्या चाललेल्या गाडीनें निवृत्त व्हावें यांत अन्याय नाहीं. तिचा धूर कमी नव्हता, आणि उतारूंच्या जिवाचाही विचार हवाच. पण टॅक्सींच्या बळावर जे मिस्त्री आणि जीं भागांचीं दुकानें चालत होतीं त्यांचा आधार गेला, आणि त्याची झळ खाजगी फिआटवाल्यांस लागते. शंभर गाड्यांस लागणारा भाग दुकानदार ठेवतो. दोन गाड्यांकरितां तो कां ठेवील?

खाजगी गाडीची नोंद पंधरा वर्षांची असते. पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. या वाढीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेलें. दुसरीकडे २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांवरील मोटारींस ‘विंटेज’ म्हणून निराळा दर्जा दिला. नव्यानें नोंदल्या जाणाऱ्या अशा गाडीस ‘व्ही. ए.’ अक्षरांचा नंबर, नोंदणीस २०,००० रुपये, आणि मुदत दहा वर्षांची. जुन्या वस्तूंस कायद्यानें ओळख दिली हें स्तुत्य आहे. परंतु त्यांत मेख अशी कीं, या वर्गांतली गाडी रोजच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतवजा मिरवणूक, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती एवढ्यांपुरतीच तिला मुभा. मांडवांतल्या वरमाईस पाट मिळाला. स्वयंपाकघरांतलीस तो नाहीं. ज्यांची गाडी आज चालती आहे आणि जुन्या नंबरानें कागदोपत्रीं जिवंत आहे त्यांनीं, आमच्या मतें, खर्च अधिक आला तरी साधीच नोंद चालूं ठेवावी आणि गाडी वापरावी. दहा-दहा महिने उभी राहणारी मोटार चालत्या मोटारीपेक्षां लवकर बिघडते.

घरोघरीं खरा पेंच येथेंच पडतो. अंगणांत आच्छादनाखालीं आजोबांची फिआट आहे. एका भावाला ती विकावयाची आहे, दुसऱ्याला ठेवावयाची आहे, तिसरा अमेरिकेंत आहे आणि दर वर्षीं फोनवर ‘मी आल्यावर बघूं’ म्हणतो. तोंवर टायर जमिनीला चिकटतात, टाकींत गंज धरतो, आणि उंदीर वायरिंग कुरतडतात. विकावयाची असेल तर आजच, चालत्या स्थितींत, जो चालवील त्यास विकावी. ठेवावयाची असेल तर एकानें पत्करून ठेवावी. सगळ्यांच्या मालकीची गाडी कोणीच चालू करीत नाहीं.

जो पत्करील त्याच्यासाठीं दोन-तीन कामाच्या गोष्टी. २०२५ पासून आपल्याकडच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या गॅस्केटी यांना हळूहळू खातें, आणि हवेंतलें पाणी ओढून घेतें. म्हणून नळ्या नव्या जातीच्या बसवून घ्याव्या आणि तेंच पेट्रोल महिनोन्‌महिने टाकींत साठवून ठेवूं नये. आठवड्यांतून एकदां गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर चालवावी. नुसतें अंगणांत इंजिन घुरघुरत ठेवल्यानें भागत नाहीं, कारण गिअर, ब्रेक आणि चाकें यांनाही हालचाल हवी असते. ज्या मिस्त्रीच्या हातीं ती आहे त्याच्याजवळ घरांतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला अधूनमधून बसवावें. पॉइंट घांसणें, प्लगचें अंतर लावणें, चोक केव्हां ओढावा आणि केव्हां सोडावा, हें पुस्तकावरून येत नाहीं. आणि पावसाळ्यापूर्वीं दारांच्या रबरी पट्ट्या तेवढ्या बदलून घ्याव्या. पाणी तेथूनच आंत शिरतें आणि पायाखालचा पत्रा आधीं खातें.